बंद दाराआडचा सण

रविवार, २४ मे २०२०. कुवेतमध्ये त्या दिवशी ईद होती. एरवी ईदच्या सकाळी मशिदीत नमाज होते आणि मग सारे कुटुंब घराण्यातल्या सर्वांत वडील माणसाच्या घरी जमते. घरात बखूरचा सुगंधी धूर फिरवतात, मुलांच्या हातावर ‘ईदिया’ म्हणून पैसे ठेवतात आणि आल्यागेल्यांची उठबस दिवसभर चालते. त्या वर्षी हे जमणे झालेच नाही. १० मेपासून ३० मेपर्यंत देशभर पूर्ण संचारबंदी होती. संध्याकाळी साडेचार ते साडेसहा एवढाच वेळ मास्क लावून आपल्या वस्तीत पायी फिरण्याची परवानगी होती, आणि मे महिन्यातले कुवेतचे ऊन काय असते ते तिथे राहिलेल्यांना विचारावे. किराणा आणायचा तरी आधी ऑनलाइन वेळ ठरवावी लागे. आजोबा चार गल्ल्या पलीकडे राहत असले तरी त्यांच्या पंगतीला जाऊन बसता येत नव्हते.

कुवेत आपल्याला अगदीच परके नाही. पूर्वी तिथली गलबते खजूर आणि मोती घेऊन मुंबईला येत असत, आणि १९६१ पर्यंत तिथल्या बाजारात रुपयाच चालत असे. महामारीच्या आधी तिथे सुमारे दहा लाख भारतीय राहत होते. त्यांत मराठी कुटुंबेही होती. वर्षातला सर्वांत मोठा सण आणि सर्वांत कडक बंदी एकाच आठवड्यात आली, तेव्हा तिथल्या प्रत्येक घरापुढे एकच प्रश्न उभा राहिला: माणसे येणार नसतील तर सण कसा करायचा?

आपल्यालाही तो चुकला नव्हता. ८ एप्रिल २०२० च्या रात्री पेसाहचा सेदर होता. भारतात टाळेबंदी होती आणि इस्राएलमध्ये त्या रात्री घराबाहेर पडायला बंदी होती. कित्येक आजी-आजोबांनी आयुष्यात पहिल्यांदा एकट्याने सेदर केला. ती महामारी ओसरली, पण फ्लूची साथ दर वर्षी येते, घरात कुणाचे मोठे ऑपरेशन होते, कुणाची केमोथेरपी चालू असते. म्हणजे लहान सण करण्याची वेळ पुन्हा कुणावरही येऊ शकते. तेव्हा काय करावे आणि काय टाळावे, हे आज पाहू.

घरची गर्दीही गर्दीच

“बाहेरचे कुणी नाही, आपलीच माणसे आहेत,” असे आपण सहज म्हणतो. श्वासावाटे पसरणारा आजार मात्र घरचा आणि बाहेरचा असा भेद करत नाही. तो बोलताना, खोकताना, गाताना तोंडानाकावाटे उडणाऱ्या अतिसूक्ष्म तुषारांतून पसरतो. खोली बंद असेल तर हे तुषार बराच वेळ हवेत तरंगत राहतात. आपल्या माणसांजवळ आपण अगदी जवळ बसतो, मास्क काढतो, तासन्‌तास थांबतो, त्यामुळे धोका उलट वाढतो.

कुवेतमध्ये यात आणखी एक भर होती. उन्हाळ्यात तिथे खिडक्या कडेकोट बंद असतात आणि एसी चालू असतो. घरातला साधा भिंतीवरचा एसी बाहेरची ताजी हवा आत आणत नाही, खोलीतलीच हवा गार करून पुन्हा खोलीत सोडतो. गार हवा म्हणजे स्वच्छ हवा, हा समज म्हणूनच चुकीचा आहे. तिथल्या दिवाणियातही हेच होते. दिवाणिया म्हणजे घरातली पुरुषमंडळींची बैठक. भिंतीला लागून गाद्या, कॉफीचे पेले आणि रात्री उशिरापर्यंत गप्पा. कुवेतच्या समाजजीवनाचा हा कणा, पण साथीच्या काळात या बैठका बंद ठेवाव्या लागल्या.

गाण्याचेही तसेच आहे. १० मार्च २०२० रोजी अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात एका गायकवृंदाची तालीम झाली. हजर होते ६१ जण. एका आजारी माणसापासून त्यांतल्या ५२ जणांना बाधा झाली असावी, असे पुढे तपासात दिसले, आणि दोघांचा मृत्यू झाला. एकत्र गाणे हा आपल्या सणांचा प्राण आहे. म्हणून साथ चालू असताना पियुटीम मोठ्याने म्हणायचे असतील तर ते आपल्या घरच्या दोघाचौघांतच म्हणावेत, किंवा अंगणात, गच्चीवर, अंतर ठेवून म्हणावेत.

पण सण रद्द करणे हा उपाय नाही

एवढे वाचून कुणी म्हणेल, “मग यंदा राहू दे. पुढच्या वर्षी करू.” हे ऐकायला समंजसपणाचे वाटते. पण वयस्कर माणसाच्या प्रकृतीला ते नेहमीच मानवत नाही.

एकट्या माणसाला स्वतःपुरता स्वयंपाक करावासा वाटत नाही. चहा-बिस्किटावर भागवले जाते. जेवण चुकले की जेवणानंतरची गोळी चुकते. आंघोळ करून चांगले कपडे घालायचे कारण उरत नाही, चालणे कमी होते, दुपारची झोप वाढते आणि रात्रीची उडते. दीर्घकाळच्या एकटेपणाचा संबंध हृदयविकार, नैराश्य आणि स्मृतिभ्रंश यांच्याशी आहे, असे अनेक अभ्यासांतून दिसले आहे. सण हा वर्षाच्या वाटेवरचा मैलाचा दगड असतो. त्याच्या तयारीत माणूस आठ दिवस उठतो, बसतो, यादी करतो, कुणाला तरी फोन करतो. सण रद्द झाला की ही सारी हालचालही जाते.

तेव्हा गर्दी टाळायची, पण सण टाळायचा नाही. हे जमते कसे, ते एका उदाहरणावरून पाहू.

गर्गियानची पिशवी

रमजानच्या मध्यावर, तेराव्या ते पंधराव्या रात्री, कुवेतमध्ये मुलांचा गर्गियान नावाचा सण असतो. मुले पारंपरिक कपडे घालून, गळ्यात पिशवी अडकवून, गाणी म्हणत घरोघर हिंडतात आणि लोक त्यांच्या पिशव्यांत सुका मेवा, शेंगदाणे आणि गोळ्या-चॉकलेटे टाकतात. २०२० साली हे दिवस मेच्या पहिल्या आठवड्यात आले. तेव्हा संध्याकाळी चारपासून सकाळी आठपर्यंत संचारबंदी होती. घरोघर हिंडणे शक्यच नव्हते.

आता या सणाचे भाग सुटे करून पाहा. शेजाऱ्यांच्या दारी जाणे हा एक भाग गेला. पण पिशवी शिवणे किंवा आणणे, आजीने मेवा निवडून पिशव्या भरणे, ठेवणीतले कपडे घालणे, गाणे म्हणणे, हे सगळे घरात होऊ शकते. एका खोलीचे दार वाजवायचे आणि आतून आजीने विचारायचे, “कोण आलंय?” लहान मुलाला तेवढ्यानेही आनंद होतो, आणि आजीला त्या दिवसापुरते काम मिळते.

पाडव्याचेही असेच. २०२० चा गुढीपाडवा २५ मार्चला होता. कुवेतमध्ये त्याआधी तीनच दिवस अंशतः संचारबंदी सुरू झाली होती, आणि भारतात त्याच दिवसापासून टाळेबंदी. पुढच्या वर्षी, १३ एप्रिल २०२१ रोजी, पाडवा आणि कुवेतमधला रमजानचा पहिला दिवस एकच आला, आणि तेव्हाही तिथे रात्रीची संचारबंदी होती. समजा, साल्मियातल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये मुलगा, सून आणि मुलाला भेटायला म्हणून आलेली, विमाने बंद झाल्याने अडकलेली आई, अशी तीनच माणसे आहेत. गुढी उभारायला गर्दी लागत नाही. काठी, कापड, तांब्या आणि साखरेची गाठी एवढे मिळाले की झाले. गाठी मिळाली नाही तर आई साखरेच्या पाकाचे काहीतरी करून दोऱ्यात ओवते. मंडळाचा कार्यक्रम गेला, पण पाडवा राहिला.

घराचा भाग आणि सिनेगॉगचा भाग

आपल्या सणांकडेही असेच पाहावे. एक कागद घ्या आणि दोन रकाने करा. एका रकान्यात सिनेगॉगमध्ये दहा जणांच्या मिन्यानशिवाय होत नाहीत अशा गोष्टी लिहा. दुसऱ्यात घरी एकट्याने किंवा दोघांनी करता येतील अशा गोष्टी लिहा. दुसरा रकाना किती लांब होतो ते पाहून आश्चर्य वाटेल. शब्बाथचे दिवे, मनुकांच्या शरबतावरचा किद्दुश, रोश हशानाचे सफरचंद आणि मध, हनुक्काचे आठ दिवे, पेसाहचा सेदर हे सारे मुळात घरचेच आहे. सेदरमध्ये घरातले लहान मूल चार प्रश्न विचारते. मूल नसेल तर मोठ्याने विचारावेत, आणि माणूस अगदी एकटा असेल तर त्याने ते स्वतःलाच विचारावेत, अशी जुनी रीत आहे. म्हणजे एकट्याचा सेदर धर्माने आधीच गृहीत धरला आहे.

कोकणातल्या आपल्या पूर्वजांना तर बंद दाराआडचा सण चांगला ठाऊक होता. योम किप्पूरला ते ‘दारफाळणीचा सण’ म्हणत, म्हणजे दार लावून घेण्याचा सण. त्या दिवशी पांढरे कपडे घालून, उपास धरून, दारे लावून घरात राहत आणि बाहेरच्या कुणाशी संपर्क ठेवत नसत. त्यामुळे सण उणा झाला असे कुणी मानत नव्हते. दुसऱ्या दिवशी ‘शिळा सण’ असे. तेव्हा दारे उघडत, लोक एकमेकांना भेटत आणि गरिबांना दान देत. त्या दुसऱ्या दिवसाकडे शेवटी पुन्हा येऊ.

दोन माणसांचा सण कसा मांडावा

पहिली गोष्ट, वेळ ठरवा. “बघू, जमेल तसं” असे म्हटले की लहान सण विरून जातो. पाहुणे यायचे नसले तरी संध्याकाळी सात म्हणजे सात. आदल्या दिवशी घर आवरा, ठेवणीतली चादर काढा, चांगले कपडे घाला. सणाची चाहूल शरीराला या तयारीतूनच लागते.

दुसरी गोष्ट, प्रत्येकाला एक काम द्या, आणि ते घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला आधी द्या. “आई, तू नुसती बस” हे प्रेमाने म्हटलेले असले तरी आईच्या जिवाला बरे वाटत नाही. बसून होणारी कामे पुष्कळ असतात: बदाम सोलणे, वेलची कुटणे, मलिद्याचे पोहे निवडणे, फळे ताटात मांडणे. नारळ खोवणे किंवा चिकाचा हलवा ढवळणे मात्र दुखऱ्या खांद्याचे काम नाही. हलव्याला सतत ढवळणारे दणकट हात लागतात. ते घरात नसतील तर नात्यातल्या एकाच घराने हलवा करावा आणि वड्या सगळ्यांना पोचवाव्यात.

तिसरी गोष्ट, पदार्थ थोडे करा पण ताट पूर्ण मांडा. दोघांसाठी वाटीभर पोह्यांचा मलिदा पुरतो. त्यावर नारळ, साखर, वेलची आणि भोवती फळे आलीच पाहिजेत. मोठ्या पातेल्याच्या सवयीने रांधले तर चार दिवस तेच गोड खावे लागते.

चौथी गोष्ट, एक वाटा बाहेर पाठवा. आपण कुणाला तरी आठवले आणि कुणी आपल्याला आठवले, हे एका डब्यातून कळते. साथ असेल तर डबा दाराशी ठेवावा, घंटी वाजवून चार पावले मागे सरावे आणि दुरूनच विचारपूस करावी. असा आजार डब्याला हात लावल्याने पसरण्याचा धोका फार कमी असतो. घेणाऱ्याने हात धुतले की पुरे.

पाचवी गोष्ट, फोनचा सोहळा आटोपशीर ठेवा. २०२० च्या मार्चअखेरीस इस्राएलमधल्या १४ रब्बींनी, एकट्या पडलेल्या वृद्धांचा विचार करून, त्या वर्षापुरती संगणकावरून एकत्र सेदर करायला परवानगी दिली. मुख्य रब्बींनी त्याला विरोध केला. या वादात आपण पडायला नको. सणाचे दिवे लावण्याच्या तासभर आधी बोलणे उरकले तर कुणाचीच अडचण होत नाही. दहा-पंधरा मिनिटे पुरतात. फोन हातात न धरता ग्लासाला टेकवून ठेवा, श्रवणयंत्र लावा, मागचा टीव्ही बंद करा. एका वेळी एकानेच बोलावे. सगळे एकदम बोलले की कमी ऐकू येणारा माणूस नुसता हसून मान डोलावतो आणि फोन ठेवल्यावर आधीपेक्षा जास्त एकटा होतो. नातवंडे कुवेतमध्ये असतील तर तिथले घड्याळ भारतापेक्षा अडीच तास मागे असते, हेही लक्षात ठेवून वेळ ठरवा.

पथ्य सांभाळून

मोजकी दोघे-तिघे यायची असतील तर खिडक्या समोरासमोरच्या उघडा. एसी लावावाच लागत असेल तर अधूनमधून दहा मिनिटे खिडकी उघडा आणि स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा चालू ठेवा. पंख्याचा झोत एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाईल असे बसू नका. भेट दोन तासांऐवजी पाऊण तासाची ठेवा.

लोबान, उदबत्ती किंवा बखूरचा धूर बंद खोलीत दमेकऱ्याला आणि फुप्फुसाच्या जुन्या रुग्णाला सोसत नाही. सुगंध हवाच असेल तर सब्जा किंवा गुलाबाची फुले ठेवा.

मधुमेह असेल तर गोड जेवणाबरोबर घ्या, रिकाम्या पोटी नको. उपासाचा प्रश्न जास्त नाजूक आहे. आपल्या पूर्वजांमध्ये एलूल महिन्यातल्या उपासांनाही ‘रमजान’ म्हणत, इतकी उपासाची परंपरा आपल्यात जुनी आहे. तरीही इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपास धरू नये आणि गोळ्यांच्या वेळाही आपल्या मनाने बदलू नयेत. उपासात घाम फुटला, हात थरथरले, डोके हलके झाले तर लगेच साखर खावी. जीव वाचवणे उपासापेक्षा मोठे, हे आपले शास्त्रच सांगते.

सणानंतरच्या आठवड्यात प्रकृतीकडे लक्ष ठेवा. म्हाताऱ्या माणसाला संसर्ग झाला तरी ताप येतोच असे नाही. एकाएकी जेवण तुटणे, गुंगी, असंबद्ध बोलणे, तोल जाऊन पडणे ही त्याची पहिली खूण असू शकते. असे काही दिसले तर “वयामुळे होतं” म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा.

आणि कुणाला सर्दी-खोकला असेल तर त्याने येऊ नये. हे आधीच सगळ्यांनी मिळून ठरवले तर ऐन वेळी कुणाला कुणाचा राग येत नाही. “घसा खवखवतोय, मी आज येत नाही” असे कळवणाऱ्याला “एवढ्यानं काय होतं” असे म्हणू नका.

रिकामी खुर्ची

लहान सणात एक अवघड गोष्ट घडते. पन्नास माणसांत न दिसणारी रिकामी खुर्ची तिघांत लगेच दिसते. महामारीच्या काळात कुवेतहून येणारी-जाणारी नेहमीची विमाने कित्येक महिने बंद होती. अशा वेळी घरचे कुणी गेले तर परदेशातल्या मुलाला शेवटचे दर्शन फोनवरच घ्यावे लागले. त्या वर्षीच्या सणात ती आठवण पंगतीला बसलेलीच होती.

तो विषय टाळून भागत नाही. जेवणाआधी गेलेल्या माणसाचे नाव घ्या. त्यांच्या आवडीचा एक पदार्थ करा. त्यांची एखादी खोडी नातवंडांना सांगा. डोळ्यांत पाणी आले तर येऊ द्या. ते आवरून धरल्यानेच रात्र जड जाते. दोन आठवड्यांपेक्षा जास्त काळ झोप, भूक आणि उमेद परत येत नसेल, तर मात्र ते नुसते दुःख समजू नका, डॉक्टरांशी बोला.

शिळ्या सणाचा दिवस

एकट्याला सणाच्या दिवसापेक्षा दुसरा दिवस जास्त खायला उठतो. फोन थांबलेले असतात, ताटे धुऊन ठेवलेली असतात, घर शांत असते. पूर्वजांनी दारफाळणीच्या दुसऱ्याच दिवशी भेटीगाठी आणि दान ठेवले होते, ते यासाठी किती उपयोगी आहे पाहा.

म्हणून येत्या सणाला, मोठा असो की लहान, वहीत दोन नावे आत्ताच लिहून ठेवा. आपल्या ओळखीत एकटी राहणारी दोन माणसे. सणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता त्यांना फोन करा आणि विचारा, “काल काय केलं होतं जेवायला?” उत्तर पूर्ण होईपर्यंत ऐका. “काही नाही, चहा घेतला” असे उत्तर आले तर त्या दुपारी एक डबा पाठवा.